धरावे किती, सोडावे केव्हा

कोलंबी सोलली की गर एकीकडे जातो आणि कवचे कचऱ्यात. मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांमागे या कवचांचे ढीग साचतात, कुजतात आणि त्यांचा वास दूरवर जातो. हीच कवचे धुऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली तर त्यांतला चुना विरघळतो; मग सौम्य कॉस्टिक सोड्यात तापवली तर प्रथिने सुटतात. मागे उरते ते कायटिन : पांढुरके, चिवट, पाण्यात न विरघळणारे. ते कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात तापवले की साखळीवरचे ॲसिटिल गट झडतात, अमाइन गट उघडे पडतात आणि कायटिनचे कायटोसान होते. ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळते आणि विरघळताना धनभार घेते. डीएनएवर मुळातच ऋणभार असतो. दोघांची पातळ द्रावणे योग्य प्रमाणात ढवळली की नितळ पाण्यावर किंचित दुधी झाक येते. डीएनए आणि कायटोसान एकमेकांना बिलगून त्यांचे नॅनोकण झालेले असतात. जनुकाचा वाहक तयार करायला एवढा खटाटोप पुरतो. कायटोसानचा असा उपयोग करता येईल ही कल्पना १९९५मध्ये मांडली गेली. त्याला तीस वर्षे झाली, शोधनिबंध हजारोंनी निघाले, पण या वाटेने बाजारात आलेले जनुकीय औषध एकही नाही. साधन इतके सोपे आणि निकाल इतका लांबलेला, असे का व्हावे, हा या पुस्तकाचा मूळ प्रश्न आहे.

उत्तराची दिशा सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी. जनुकाच्या वाहकाला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. वाटेत त्याने जनुक घट्ट धरायचे आणि मुक्कामी पोचल्यावर ते सोडायचे. पाच हजार अक्षरजोड्यांचे एक साधे प्लास्मिड घेऊ. ते सरळ ताणले तर दीड मायक्रोमीटरहून लांब भरते आणि त्याच्या अंगावर सुमारे दहा हजार ऋणभार असतात. ते जेमतेम शंभर नॅनोमीटरच्या कणात गुंडाळावे लागते. न गुंडाळता रक्तात सोडले तर तिथली विकरे त्याचे काही मिनिटांत तुकडे करतात. कण टिकलाच तर यकृतातल्या भक्षक पेशी त्याला गिळायला टपलेल्या असतात. त्यांच्या हातून सुटून तो हव्या त्या पेशीत शिरला, तरी तो एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतो. ही पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि शेवटी तिच्यातला माल पचवला जातो. पिशवी फोडून बाहेर यायचे, गाठोडे सोडायचे आणि डीएनए असेल तर पुढे केंद्रकातही शिरायचे. बांधण्याच्या कलेत रसायनशास्त्र लवकर पारंगत झाले. सोडण्याची कला ते अजून शिकते आहे. नैसर्गिक बहुवारिकांमध्ये, म्हणजे निसर्गात मिळणाऱ्या पॉलिमरमध्ये, केलेले बहुतेक फेरफार हा या दोन कामांमधला तोल साधण्याचा खटाटोप आहे. हे सूत्र हाती धरले की या विषयाचा अवाढव्य पसारा आटोक्यात येतो.

विषाणूंना ही दोन्ही कामे येतात, त्यामुळे जनुकोपचाराची सुरुवात त्यांच्यापासून झाली. सप्टेंबर १९९०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एका चार वर्षांच्या मुलीच्या रक्तपेशी बाहेर काढून त्यांत रेट्रोव्हायरसच्या साहाय्याने जनुक घातले गेले आणि त्या पेशी तिला परत दिल्या गेल्या. नऊ वर्षांनी, १९९९च्या सप्टेंबरमध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर ॲडिनोव्हायरसविरुद्ध उसळलेल्या प्रतिक्रियेत दगावला. पुढे पॅरिसमधील चाचणीत प्रतिकारशक्तीविना जन्मलेली मुले बरी झाली खरी, पण त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. विषाणूने जनुक नको त्या जागी नेऊन बसवले होते. आज एएव्ही हा सौम्य विषाणू आघाडीवर आहे. त्यावर आधारलेल्या औषधांपैकी दृष्टिदोषावरील लक्स्टर्ना २०१७मध्ये आणि मेरुरज्जूशी निगडित स्नायूविकारावरील झोलजेन्स्मा २०१९मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र एएव्हीच्या पोटात जेमतेम पावणेपाच हजार अक्षरे मावतात, एकदा दिल्यावर शरीरात प्रतिपिंडे तयार होत असल्याने दुसरी मात्रा देणे अवघड जाते, आणि झोलजेन्स्माच्या एका मात्रेची जाहीर किंमत एकवीस लाख डॉलरांच्या घरात होती.

विषाणूंनी दगा दिल्यावर शास्त्रज्ञ बहुवारिकांकडे वळले, अशी एक सोयीची समजूत आहे. कालक्रम मात्र वेगळेच सांगतो. तोडलेला ऊस शिळा झाला की ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू त्यातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान तयार करतात. रस बुळबुळीत होतो आणि साखर कारखान्यात गाळणे, स्फटिक धरणे सगळेच अडते. याच डेक्स्ट्रानला धनभारित गट जोडून वाहेरी आणि पॅगानो यांनी १९६५मध्ये पोलिओ विषाणूचे नुसते आरएनए पेशींत शिरवले. मानवी जनुकोपचाराच्या पंचवीस वर्षे आधी, फेरफार केलेले एक नैसर्गिक बहुवारिक हे काम करत होते. त्याहून जुना दाखला निसर्गातच आहे. केंद्रकातला ‘न्यूक्लीन’ हा पदार्थ प्रथम वेगळा काढणाऱ्या फ्रीडरिश मीशरनेच १८७४मध्ये ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांच्या शुक्रपेशींतून प्रोटामिन शोधले. आर्जिनिनने भरलेले हे छोटे प्रथिन शुक्रपेशीत डीएनए कमालीचे घट्ट बांधून ठेवते, आणि फलनानंतर अंडपेशी ते काढून त्या जागी हिस्टोन बसवते. धरणे आणि सोडणे यांचा इतका नेटका नमुना दुसरा मिळणार नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : प्रोटामिन स्वतःहून सुटत नाही, अंडपेशी त्याला सोडवते. वाहकाची अर्धी करामत तो जिथे पोचतो त्या घरात असते.

या क्षेत्राचा पहिला आणि सर्वांत गजबजलेला संप्रदाय भाराचा आहे. त्याचा सारा भर कणात नायट्रोजनचे धनभार आणि फॉस्फेटचे ऋणभार यांचे गुणोत्तर जुळवण्यावर असतो. १९९५मध्ये पुढे आलेल्या पॉलिएथिलिनइमाइन या कृत्रिम बहुवारिकाने जनुक आत नेण्याच्या कार्यक्षमतेचा नवा मापदंड घालून दिला. पण ते पेशींना विषारी ठरते, आणि ते शरीरात सहजी विघटितही होत नाही. कायटोसान तुलनेने सौम्य आहे. त्याची अडचण आम्लतेची. त्याचे अमाइन गट साधारण साडेसहा पीएचच्या आसपास भार सोडू लागतात, तर रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे प्रयोगशाळेतल्या आम्लधर्मी द्रावणात घट्ट बसलेले गाठोडे रक्तात सैल पडते. त्यावर अमाइनला तीन मिथिल गट जोडून भार कायमचा करता येतो, पण मग कण रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात आणि पेशीपटलांना इजा करतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे कवच चढवले तर कण रक्तात जास्त टिकतो, पण पेशी त्याला सहजी आत घेत नाही. साखळी लांब ठेवली तर ती जनुक सोडत नाही, आखूड केली तर धरत नाही. पांघरूण डोक्याकडे ओढले की पाय उघडे पडावेत, तशी ही गत आहे. म्हणूनच ‘सर्वोत्तम कायटोसान’ असे काही नसते. अमुक कामासाठी, अमुक वाटेने जाणारे, अमुक लांबीचे आणि अमुक प्रमाणात ॲसिटिल गट काढलेले कायटोसान असते.

दुसरा संप्रदाय पत्त्याचा. पेशींच्या पृष्ठभागावर शर्करा ओळखणारे ग्राही असतात : यकृतपेशी गॅलॅक्टोज ओळखतात, भक्षक पेशी मॅनोज ओळखतात, आणि अनेक अर्बुदांवर भरपूर असलेला सीडी४४ हा ग्राही हायलुरोनिक आम्लाला धरतो. १९८७मध्ये वू आणि वू यांनी टोकाला गॅलॅक्टोज उघडे असलेले एक प्रथिन पॉलिलायसिनला जोडले आणि जनुक नेमके यकृतपेशींकडे धाडता येते हे दाखवले. त्यानंतर गॅलॅक्टोज लावलेले कायटोसान आणि यकृताकडे ओढा असलेले पुल्युलान अशी मालिकाच सुरू झाली. स्टार्चपासून विकरांनी बनवलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनवर आधारित बहुवारिकाला ट्रान्सफेरिनचा पत्ता लावून कॅलटेकच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने २०१०मध्ये रुग्णांच्या अर्बुदांत आरएनए हस्तक्षेप घडल्याचा पुरावा दिला. ते औषध पुढे बाजारापर्यंत गेले नाही, पण वाट दिसली. यातला सर्वांत बोलका दाखला मात्र बहुवारिकांच्या बाहेरचा आहे. २०१९मध्ये मान्य झालेले गिवोसिरान आणि त्यानंतरचे कोलेस्टेरॉलवरील इन्क्लिसिरान ही औषधे एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसअमाइनच्या तीन फांद्यांच्या जोरावर यकृतात पोचतात. तिथे वाहकाची साखळी गळाली आणि शर्करेचा पत्ता तेवढा उरला. नैसर्गिक बहुवारिकांची खरी पुंजी कोणती, हे यातून कळते : शरीराला वाचता येणारी शर्करेची लिपी, आणि त्या लिपीत नवे अक्षर जोडायला साखळीवर जागोजागी असलेल्या खुंट्या.

तिसरा संप्रदाय वेळेचा, म्हणजे सोडण्याचा. पेशीच्या आत ग्लुटाथायोनचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. म्हणून साखळ्या गंधक-गंधक (डायसल्फाइड) बंधांनी जोडल्या तर ते बाहेर टिकतात आणि आत तुटतात. इमिडाझोल गट जोडले तर ते एंडोसोममधले आम्ल शोषून घेतात आणि पिशवी फुगून फुटते, असे मानले जाते. या स्पष्टीकरणावर अजूनही वाद आहे. हा संप्रदाय सर्वांत तरुण आहे आणि, या प्रस्तावनेच्या मते, सर्वांत महत्त्वाचा. २०१३मध्ये मेदकणांवर, म्हणजे मेदाच्या वाहक नॅनोकणांवर, झालेल्या मोजणीत एंडोसोममधून निसटून पेशीद्रवात आलेले आरएनए एकदोन टक्केच भरले. आघाडीच्या वाहकाची ही कथा असेल तर उरलेल्यांनी कुठे लक्ष द्यायचे हे वेगळे सांगायला नको. याच्याच बाजूला एक शांत चौथा संप्रदाय आहे, कोठाराचा. कोलॅजन किंवा जिलेटिनच्या ओल्या जाळीत जनुक भरून ती जखमेत किंवा मोडलेल्या हाडाच्या फटीत ठेवायची आणि ते आठवडेभर झिरपू द्यायचे. जपानमध्ये यावर बरेच काम झाले आहे. इथे पत्ता शोधायचा प्रश्नच नाही, कारण माल पत्त्यावर नेऊनच ठेवलेला असतो.

पहिला आक्षेप सरळ आहे. स्पर्धा संपली, मेद जिंकले, मग बहुवारिकांचा हा पसारा कशाला? २०१८मध्ये मेदकणांतून दिले जाणारे पॅटिसिरान हे औषध मान्य झाले, कोविडच्या एमआरएनए लशींनी मेदकण कोट्यवधी दंडांपर्यंत पोचवले; हे नाकारणे हास्यास्पद ठरेल. पण या विजयाचा नकाशा नीट पाहावा. शिरेतून दिलेले नेहमीचे मेदकण रक्तातले एक प्रथिन अंगावर ओढून घेतात आणि बहुतांशी यकृतात जाऊन उतरतात. यकृताबाहेर जायचे, श्लेष्मल अस्तराला चिकटून राहायचे, पुन्हा पुन्हा मात्रा द्यायची, तर त्यांची पकड सैल पडते. नेमके इथेच कायटोसानचे जुने गुण कामाला येतात. श्लेष्म्याला ते धनभारामुळे घट्ट चिकटते. १९९९मध्ये उंदरांना तोंडावाटे दिलेल्या कायटोसान-डीएनए कणांनी शेंगदाण्याच्या ॲलर्जीची तीव्रता कमी केली होती. आज कॅनडात उगम पावलेल्या एका कंपनीचे, दुहेरी फेरफार केलेल्या कायटोसानवर आधारलेले जनुकीय औषध मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मानवी चाचण्यांत आहे. ते शिरेतून न देता नळीवाटे थेट मूत्राशयात सोडले जाते. रक्ताची वाट टाळली की बरेचसे अडथळेच टळतात. स्थानिक गरजेने वाहक घडतो याचे एक उदाहरण पुण्यातही आहे : जेनोव्हा कंपनीच्या कोविडवरील एमआरएनए लशीला जून २०२२मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली आणि ती साध्या शीतकपाटाच्या तापमानाला, २ ते ८ अंशांत, ठेवता येते. तिचा वाहकही मेदाचाच आहे. मुद्दा मेद की बहुवारिक हा नाही; कोणती वाट, कोणते अंतर, कोणते हवामान, हा आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोलवर जातो, आणि तो ‘नैसर्गिक’ या शब्दावरच आहे. जाहिरातींनी या शब्दाला निरुपद्रवी असा अर्थ चिकटवला आहे. २००८मध्ये डुकराच्या आतड्यांपासून काढलेल्या हेपारिन या नैसर्गिक बहुशर्करेत अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिनची भेसळ निघाली आणि अमेरिकेत अनेक रुग्ण दगावले. ती भेसळ रचनेने हेपारिनच्या इतकी जवळची होती की त्या वेळच्या नेहमीच्या चाचण्यांत ती पकडली गेली नाही. कायटोसानची अवस्था याहून सोपी नाही. कोलंबीची जात, हंगाम, सोड्याची तीव्रता, तापवण्याचा वेळ, यांतले काहीही बदलले की साखळीची लांबी आणि अमाइनचे प्रमाण बदलते. त्यात जीवाणूंची विषारी अवशिष्टे आणि ॲलर्जी उठवणारी प्रथिने राहून गेली तर पेशींवर दिसणारा परिणाम नेमका कशाचा हेच कळत नाही. अनेक जुन्या निबंधांतले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत याचे एक कारण हे आहे. सगळेच ‘कायटोसान’ म्हणतात, पण प्रत्येकाच्या बाटलीतला पदार्थ निराळा असतो. या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते निसर्गाच्या स्तुतीत सापडणार नाही, मोजमापाच्या शिस्तीत सापडेल. हेपारिन त्या प्रसंगानंतर मोडीत निघाले नाही; त्याच्या कसोट्या कडक झाल्या आणि ते आजही रुग्णालयात रोज वापरले जाते. बुरशीपासून मिळणारे कायटोसान, ठरावीक लांबीच्या आखूड साखळ्या, प्रत्येक खेपेची नोंद : ‘नैसर्गिक’ पदार्थाला औषधाचा दर्जा या वाटेने मिळतो.

तिसरा आक्षेप ‘लक्ष्यवेधी’ या विशेषणावर. २०१६मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी अर्बुदात पोचलेल्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. नेम इतका चुकत असेल तर ‘लक्ष्य’ हा शब्द वापरायचा तरी कशाला? हा आक्षेप बराचसा रास्त आहे. पृष्ठभागावर शर्करा लावली की कण आपोआप तिकडे धावत जातो, असे सुचवणारी चित्रे दिशाभूल करतात. पत्ता दारापाशी आल्यावर उपयोगी पडतो. गावापर्यंत आणण्याचे काम रक्तप्रवाह आणि कणाचा आकार करतात. पण यकृतात गॅलॅक्टोजच्या पत्त्याने मिळालेले यश सांगते की दार उघडे, ग्राही भरपूर आणि वाट छोटी असेल तर पत्ता खरोखर कामी येतो. म्हणून ‘लक्ष्यवेधी’ हे विशेषण वाहकाला लावण्याआधी तीन आकडे विचारावेत : किती टक्के पोचले, किती टक्के आत गेले, आणि किती टक्के सुटले. पुष्कळ निबंध पहिला आकडा देतात, काही दुसरा देतात. तिसरा क्वचितच भेटतो.

वाहकाच्या प्रश्नाची निकड आता वाढली आहे, कारण जनुकसंपादनाने औषधाचा पल्ला बदलला. सिकलसेलवरील कॅसजेव्ही हे क्रिस्परवर आधारित औषध २०२३मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाले. त्याची अमेरिकेतील जाहीर किंमत बावीस लाख डॉलर आहे. पेशी बाहेर काढायच्या, संपादित करायच्या, रुग्णाला तीव्र केमोथेरपी द्यायची आणि मग पेशी परत सोडायच्या, असा हा व्याप आहे. सिकलसेलने ग्रासलेला नंदुरबार किंवा गडचिरोलीतला आदिवासी रुग्ण या व्यापापासून किती दूर आहे हे सांगायला आकडेमोड लागत नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ती तपासणी आणि समुपदेशनाच्या बळावर. संपादनाचे साहित्य शिरेतून देऊन अस्थिमज्जेपर्यंत नेणारा वाहक निघाला तर चित्र पालटेल. तो वाहक नैसर्गिक बहुवारिकाचाच असेल असे म्हणण्याचा अधिकार आज कुणालाही नाही. कवचे फुकट मिळतात म्हणून औषध स्वस्त होते, हा युक्तिवादही भोळा आहे. औषधाच्या किमतीत कच्च्या मालापेक्षा शुद्धीकरण, चाचण्या आणि मान्यतेचा खर्च मोठा असतो. दावा एवढाच की वाहकांचे पर्याय जितके जास्त, तितकी हा उपचार मोजक्या शहरांबाहेर पोचण्याची शक्यता जास्त.

हे पुस्तक प्रत्येक बहुवारिकाची स्वतंत्र जंत्री देत नाही. ते एकाच प्रश्नाभोवती बांधले आहे : हा पदार्थ काय धरतो, कसा धरतो आणि केव्हा सोडतो. रसायनाच्या विद्यार्थ्याला पेशीच्या आतला भूगोल ठाऊक नसतो, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला साखळीवरचे गट मोजता येत नाहीत, आणि डॉक्टरला दोन्हींचा पत्ता नसतो. तिघांनाही एका टेबलाशी बसवणारी भाषा मराठीत घडवण्याचा हा प्रयत्न आहे. रूढ इंग्रजी संज्ञा जिथे सगळ्यांच्या तोंडी आहेत तिथे त्या तशाच ठेवल्या आहेत. ‘डीएनए’ला ओढूनताणून मराठी प्रतिशब्द शोधण्यात कुणाचेच भले नाही. फसलेल्या प्रयोगांना यशस्वी प्रयोगांइतकीच जागा दिली आहे, कारण या क्षेत्रात फसलेले प्रयोग जास्त शिकवतात. वाचकाला विनंती एकच. पुढल्या पानांत, किंवा उद्या वर्तमानपत्रात, ‘जनुक थेट पेशीत पोचवणारा नवा नैसर्गिक वाहक’ अशी ओळ दिसली, तर पोचवले किती हे विचारून थांबू नका. सोडले किती, हेही विचारा.